विहिरीपासून बावन्न फूट

माझी नोकरी जमीन मोजण्याची होती. चौतीस वर्षे मी या किनारपट्टीवर भूकरमापक म्हणून हिंडलो. दोन शेतांमधली हरवलेली हद्द जुन्या नकाशावरून शोधायची, तिथे दगड रोवायचा आणि दोन्ही बाजूंची बोलणी ऐकून परत यायचे. निवृत्तीनंतर कुणी मला काही शोधायला सांगेल, अशी अपेक्षा नव्हती.

मुलीने सांगितले. ती पुण्याला असते. तिच्या दोन मुलींपैकी थोरली तेव्हा सहा वर्षांची होती, धाकटी तीन. दर डिसेंबरात त्या तिघी पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे, नागावजवळच्या वाडीत येतात. त्या वर्षी मुलीने मोबाईलमधून एक खेळ आणला. जिओकॅशिंग हे त्याचे नाव. कुणी अनोळखी माणूस एखादी डबी कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तशी ठेवून यायचे. आतली एखादी वस्तू घेतली, तर बदल्यात आपली एक ठेवायची.

"यातून मिळते काय?" मी विचारले.

"काही नाही, बाबा. सापडल्याचा आनंद."

"आणि सही," पत्नी आतून म्हणाली. "सही करायला मिळतेय म्हटल्यावर हे येणारच गं."

पहिली डबी आगरदांड्याला होती, धक्क्याच्या अलीकडे. सकाळी खाडीवर धुके होते. फेरीबोट दिघीकडे निघाली. काही वेळाने ती दिसेनाशी झाली, नुसता आवाज पाण्यावरून पलीकडे जात राहिला. मोबाईलमधला बाण एकदा धक्का दाखवी, एकदा खारफुटी. नऊ मीटर, तीन मीटर, पुन्हा सात. एवढ्या फरकावरून मी सख्खे भाऊ कोर्टात जाताना पाहिले आहेत. तसे मी बोलून दाखवले. मुलीने मोबाईल खिशात टाकला. थोरलीने तोवर जांभ्या दगडाच्या बांधातल्या एका फटीत कोपरापर्यंत हात घातला होता.

डबीतून तिने एक निळे बटण घेतले आणि केसातली पिन ठेवली. ओंजळीत पाणी असावे, तसे तिने ते बटण मुरूड येईपर्यंत धरले होते.

त्या पंधरवड्यात आम्ही सहा डब्या शोधल्या. पुलाखाली, पडक्या शाळेच्या कुंपणात, एक वडाच्या ढोलीत. या साऱ्या जागा मला फुटाइंचांनी पाठ होत्या. आता त्या मोजलेल्या जागांच्या आत आणखी एक जागा असल्यासारखे वाटू लागले. दुपारी आडवा झालो, की डोळ्यांपुढे बांध येत. प्रत्येक बांधात एक फट, आणि फटीत काहीतरी मिणमिणत असे. नोकरीत असताना मला अशी स्वप्ने पडली नाहीत.

जाण्याच्या आदल्या दिवशी चिक्की खाताना थोरलीचा पहिला दात पडला.

"कौलांवर टाक," पत्नी म्हणाली. "म्हणजे नवा लवकर येतो."

"नको. मग तो कुणालाच सापडणार नाही."

तिला तो डब्यात ठेवायचा होता. आपला, आपण लपवलेला डबा. पुढच्या वर्षी येऊन आपणच शोधायचा. पत्नीने फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा दिला. हिंगाचा वास काही गेला नव्हता. थोरली दात डब्यात टाकी आणि पुन्हा काढून घेई. असे तीनदा झाले. मग ती माझ्याकडे आली.

"नक्की सापडेल ना, आजोबा?"

"सापडेल. एका वितीच्या आत."

तिने माझा पंजा ओढून घेतला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत पाहिली, आणि दात डब्यात टाकला. धाकटीने वर एक खडा टाकला. ती सगळीकडे खडेच टाकत असे.

आमच्या वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला जुनी विहीर आहे. पाणी मचूळ झाल्यापासून कुणी काढत नाही. रहाट गेला, त्याचे दोन दगडी खांब तेवढे उभे आहेत. त्यापुढे वाळू आणि सुरूची रांग. डबा पुरायचा नाही, फक्त लपवायचा, असा खेळाचा नियम मुलीने सांगितला. म्हणून एका सपाट दगडाखाली खोबण करून ठेवला. मोबाईल मी बंद करायला लावला. माझ्या वाडीतली नोंद माझ्या पद्धतीने होणार होती.

ती पद्धत सोपी आहे. जागेपासून दोन पक्क्या खुणांची अंतरे मोजून टिपणात लिहायची. पुढे कुणीही त्या दोन अंतरांवरून जागा काढू शकतो. पहिली खूण विहिरीचा काठ : बावन्न फूट. दुसरीसाठी मी वाडीच्या कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडाकडे निघालो होतो. थोरली एका सुरूच्या बुंध्याला कान लावून उभी होती.

"याच्यात समुद्र वाजतोय. हे झाड घ्या ना."

झाड खूण म्हणून घ्यायचे नसते. हे मी हाताखालच्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवत असे. मी टेप तिच्या हातात दिला. अकरा फूट. टिपणात लिहिले.

आषाढात वादळ झाले. सुरूची सात झाडे मुळांसकट आडवी झाली, वाळू गुडघाभर चढली. वाडीतली पडझड बाजूला करत त्या टोकाला मी चार दिवसांनी पोहोचलो, तोवर लोकांनी लाकूड नेले होते. नारळ पाडणारा माणूस वाडीत होता. त्याला विचारले.

"कुठलं झाड, तात्या? सगळीच गेली. आता तिथं काय न्हाय."

बुंध्यांचे खड्डेही बुजले होते. विहिरीपासून बावन्न फूट एवढेच उरले. विहिरीभोवती बावन्न फुटांचे अर्धे वर्तुळ वाळूत पडते. त्यावरची कोणतीही जागा ती जागा असू शकत होती.

ऑगस्टपासून मी खणू लागलो. पाऊस नसेल त्या दिवशी, दुपारी. पत्नी विचारी, "आज?" मी म्हणे, "नाही." एकदा ती म्हणाली, "एक दात तो. दुसरा एखादा डबा ठेवा तिथे. तिला काय कळणार आहे!" मग माझ्याकडे पाहून स्वतःच म्हणाली, "बरं, नाही म्हटलं."

रविवारी पुण्याहून फोन येई.

"आजोबा, डबा आहे ना?"

"ठेवला तिथेच आहे."

यात खोटे काही नव्हते. तरी फोन ठेवल्यावर मी अंगणात फेऱ्या घालत असे. दिवाळीपर्यंत मी त्या अर्धवर्तुळाच्या कमानीचा एक तृतीयांश भाग खणला. उरलेला मला जमेलसे दिसेना. वाकलो की कमर तासभर सरळ होत नसे. समुद्र समोर पडून असे. ओहोटीच्या वेळी त्याची कड इतकी दूर जाई, की तोही आपली हद्द विसरला असावा असे वाटे.

डिसेंबरात त्या आल्या. थोरली गाडीतून उतरून सरळ विहिरीकडे निघाली. मी तिला अंगणातच थांबवले.

"डबा सापडत नाही."

"पण तुम्ही म्हणालात, तिथेच आहे."

"आहे. पण कुठे, ते मला माहीत नाही. झाड पडले. मी झाडाची खूण घ्यायला नको होती. चूक झाली."

पत्नी ताकाचे भांडे घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहिली. या घरात ते दोन शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

"तुम्हीच मोबाईल बंद करायला लावलात, बाबा," मुलगी म्हणाली.

"हो."

थोरली रडली नाही. तिने नव्या दातावरून जीभ फिरवली. "झाडाची नाही चूक," ती म्हणाली, आणि विहिरीकडे चालू लागली. आम्ही मागून गेलो.

वाळूत ती पोटावर झोपली. उठली, थोडी सरकून पुन्हा झोपली. मुलगी तिला उठवायला निघाली. मी हाताने अडवले.

"काय करतेस?"

"डबा ठेवताना मी अशी झोपले होते. हात आत जात नव्हता म्हणून. तेव्हा तिथून किल्ला दिसत होता. खांबाला पाठ टेकून बसला होता. तुम्ही बसता तसा."

मी वळून पाहिले. उत्तरेला, रहाटाच्या दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेत, अलिबागचा पाण्यातला किल्ला होता. उन्हाच्या धुरकटीत पायथा पुसला गेला होता. तो पाण्यावर नव्हता आणि आकाशातही नव्हता. मी डावीकडे एक पाऊल सरकलो. किल्लाही खांबांमधून सरकला. उजव्या खांबाला त्याची कड टेकेल, अशी एकच रेषा वाळूतून जाणार होती. बावन्न फुटांची कमान माझ्याकडे होती. रेषा तिच्याकडे होती.

सहा वर्षांच्या नातीने ओलसर वाळूत हनुवटी टेकून ती घेतली होती आणि वर्षभर सांभाळली होती. मी चौतीस वर्षांचा अनुभव घेऊन उभा होतो, आणि किल्ला मला दिसलाच नव्हता.

"टेप आण," मी मुलीला म्हणालो. धाकटीने टेपचे टोक विहिरीच्या काठावर दाबून धरले. मुलगी बावन्न फुटांवर टेप ताणून उभी राहिली. थोरली पोटावर झोपून कमानीवरून खेकड्यासारखी बाजूला सरकू लागली.

"टेकला?"

"अजून नाही. थोडासा उजेड आहे मध्ये."

"आता?"

"थांबा ना, आजोबा. घाई नका करू."

घाई नका करू, असे मला त्यापूर्वी कुणी म्हटले नव्हते. मी थांबलो.

"टेकला."

तिच्या हनुवटीखाली मी काठी रोवली. मुलीने खणले. हातभर खोल गेल्यावर फावडे दगडावर वाजले, पण दगड खड्ड्याच्या कडेला होता. लपवायचा, पुरायचा नाही, हा नियम समुद्राला कुणी सांगितला नव्हता. दगड उचलला. डब्यावर गंजाचे ठिपके होते. झाकण मला फिरवावे लागले. हिंगाचा वास तसाच होता. खडा होता. दात होता.

मी काठीपासून डब्यापर्यंत मोजले. एक वीत आणि चार बोटे.

"चार बोटे जास्त आहेत," मी थोरलीला सांगितले. ती ऐकत नव्हती. दात तळहातावर घेऊन ती धाकटीला तो आपल्याच तोंडातला असल्याचे पटवत होती, आणि धाकटीचा विश्वास बसत नव्हता.

संध्याकाळी डबा परत ठेवला. दात आत, नवे दोन खडे आत. या खेपेस मुलीचा मोबाईल चालू होता. घरी येऊन टिपणाची वही काढली. झाडाची ओळ खोडली, बाजूला सही केली. खाली लिहिले :

विहिरीच्या काठापासून बावन्न फूट. किल्ल्याची उजवी कड रहाटाच्या उजव्या खांबाला टेकलेली. पोटावर झोपून पाहावे.