आधी श्वास सोडावा

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, यंदाच्या माघी गणेशजयंतीस मला जे लाभले ते कृतज्ञतेने लिहितो.

वर्तकनगरातील आमच्या मंदिरात त्या दिवशी गणेशस्तोत्राची एकवीस आवर्तने होतात आणि अनेक वर्षे पहिला स्वर माझा असतो. संस्कृत शिकविण्यात हयात गेलेल्या माणसाला याहून मोठा मान कोणता? परंतु दिवाळीनंतर न्यूमोनिया झाला आणि रुग्णालयातून घरी परतलो तेव्हा एक चरणही एका श्वासात पुरा होईना. विश्वस्तांनी अदबीने विचारले, "गुरुजी, यंदा रेकॉर्डिंग लावू या का?" आजाराहून तो प्रश्न अधिक पोळला.

मी हट्टास पेटलो. मुंजीत वडिलांनी शिकविलेला प्राणायाम, म्हणजे श्वास रोखून मनात संपूर्ण गायत्री, भूः, भुवः आदी व्याहृतींसह, तीनदा. तेच जुने माप मी दुबळ्या छातीवर लादले. मंत्र संपण्यापूर्वीच डोळ्यांपुढे अंधारी येई. पत्नी म्हणे, "अहो, देव काय घड्याळ लावून बसलाय? सोडा की तो श्वास!" मी चिडत असे. जन्मभर जपलेला मंत्र देहाला बळ देत नसेल, तर मी विद्यार्थ्यांना शिकविले ते काय, ही शंका मनाला कुरतडू लागली.

फुप्फुसांच्या व्यायामासाठी ठाण्यातील एका रुग्णालयात जावे लागे. तेथे तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र देत. श्वास आत ओढला की गोळ्या वर चढत. माझी एकच चढे. शेजारी खाडीकाठच्या कोळीवाड्यातील एक वृद्ध नाखवा बसत; त्यांच्या तिन्ही चढत. एकदा यंत्र बाजूला ठेवून मी डोळे मिटून श्वास रोखला, तोच त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"गुर्जी, दम कोंडून काय बसलाव? पयला सोडा. पुरता सोडा. मंग येतंय आपोआप."

"हा प्राणायाम आहे," मी ताठ्याने म्हणालो.

"आसंल. पन वल्हं मारताना दम धरला, त होरी नाय जात पुढं, मानूसच आडवा व्हतंय!"

मला हसू फुटले. त्यांनी माझा तळवा माझ्याच पोटावर ठेवला आणि वल्हे ओढावे तसे हात हलवीत दीर्घ श्वास सोडून दाखविला. मीही ओंकार ओठांवर आणून अगदी रिता होईतो श्वास सोडला. मग तो न ओढता आत आला. बेंबीपासून कंठापर्यंत हळुवार ऊब चढली. तो श्वास मी घेतला नव्हता. मला तो दिला गेला होता.

डॉक्टरांनीही श्वास रोखणे थांबवून हाच क्रम ठेवण्यास सांगितले. रोज सकाळी अर्ध्या अर्ध्या चरणाने मंत्र आणि श्वास एकमेकांस जुळवीत गेलो.

गणेशजयंतीस पहिला स्वर मीच लावला. पूर्वी कधी थांबत नसे तेथे, चरणाच्या मध्ये, थांबलो. सारी सभा माझ्यासोबत थांबली. एकवीस आवर्तने पूर्ण झाली. माझ्या निमंत्रणावरून येऊन पुढच्या रांगेत बसलेले नाखवा शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाले, "ह्ये आमचं गुर्जी!"

त्या शब्दांनी माझी छाती अभिमानाने भरून आली, हे मी लपवीत नाही. विद्या माझ्याजवळ होती. ती श्वासासारखी रिती करावयास शिकविणारा मात्र त्या दयाघनाने खाडीकाठाहून धाडला. वाचकहो, आपल्या घरी प्रत्येकाचा श्वास निर्वेध चालो, वाणी मंगल राहो आणि दारी आलेला गुरू आपणांस ओळखू येवो.