बाजूच्या सीटचा ब्रेक

दिनानाथकाका अंबरनाथच्या एका कंपनीतून साहेब म्हणून रिटायर झाले. त्यांची जुनी गाडी मीच बघतो, शिरगावच्या माझ्या गॅरेजात. मध्यंतरी तिचे ब्रेक पॅड पार झिजलेले निघाले. मी म्हटलं, "काका, उल्हासनगरहून दुसऱ्या कंपनीचे आणतो, आजच बसवतो. चांगले असतात. ओरिजिनलला आठ दिवस लागतील."

"लागू देत. ओरिजिनलच घाल."

माझं डोकंच फिरलं. वृंदाकाकू होत्या तेव्हाही हाच हट्ट! काकू भारी घाबरट. वळण आलं की बाजूच्या सीटवर बसल्या बसल्या मॅटवर टाच गच्च रोवायच्या, जणू तिथेही ब्रेक आहे. त्यांच्यासाठी काका ओरिजिनलच घालायचे. काकूंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

"आता एकटेच तर फिरता," मी बोलून गेलो.

काकांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली.

आठ दिवसांनी ओरिजिनल पॅड बसवून मी ट्रायलला निघालो, तर काका बाजूच्या सीटवर येऊन बसले. काकूंच्या टाचेनं तिथल्या मॅटला भोक पडलेलं. बदलापूर गावाच्या वळणावर मी ब्रेक दाबला, आणि काकांनी त्याच भोकात आपली टाच रोवली.