लोखंडी वेलीचे नकाशे

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी निरीक्षक होतो. गावातल्या निजामकाळच्या दगडी इमारतीत संग्रहालय आहे. आतल्या मोठ्या दालनाला चारही बाजूंनी सज्जा आणि त्याला घडीव लोखंडाचा कठडा, त्यावर लोखंडाचीच द्राक्षाची वेल. इमारतीची दुरुस्ती नुकतीच संपली होती. एका सकाळी संग्रहालयाचे प्रमुख फिर्याद घेऊन आले. त्या कठड्याचे कापडावर काढलेले मूळ नकाशे सोमवारी कपाटातून गेले होते. संशय एका म्हाताऱ्या मिस्त्रीवर. वर्षानुवर्षं तो कठडा तेच दुरुस्त करत होते आणि नकाशे पाहिल्याची त्यांची सही वहीत होती.

प्रमुखांना मी खुर्ची दिली, चहा मागवला. मिस्त्रींना शिपायाकरवी भर बाजारातून उचलून आणलं आणि ठाण्याच्या बाकावर बसवलं. दुपारपर्यंत कोणी त्यांना पाणीही विचारलं नाही. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी दरडावलं, "नकाशे कुठं विकलेस?"

"मला नकाशे कशाला लागतेत साहेब? समदी येल पाठ हाय मला," ते म्हणाले. "नकाशाचं सोडा. आदी त्यो कठडा बघा. त्यो आमचा न्हाईच."

"म्हणजे?"

"बदललाय. मी तितल्या लोकांना बोललो बी, तर मलाच भाईर काढलं."

सुटण्यासाठी थापा मारतोय असं मला वाटलं. तरी पंच घेऊन मी त्यांच्यासह संग्रहालयात गेलो. मिस्त्रींनी एका पानावर बोट ठेवलं, मग शेजारच्या, मग त्यापुढच्या. "हातानं ठोकलेली दोन पानं कदी सारकी ऱ्हात न्हाईत. ही समदी एका साच्यातली हायेत." त्यांनी नखानं रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा ताजा डाग होता. जुन्या कामात वेल्डिंग नव्हतंच, सगळे सांधे ठोकून बसवलेल्या रिबिटांचे होते.

आता नकाशे का गेले ते मला कळलं. खरा कठडा कसा होता, याचा तेवढाच पुरावा होता.

पंचनामा करून दुरुस्तीच्या कामाचे कागद ताब्यात घेतले आणि ते वाचत बसलो. त्यात प्रमुखांच्या सहीचा, चोरीनंतरच्या शुक्रवारची तारीख असलेला दाखला सापडला: 'काम मूळ नकाशांशी ताडून पाहिले, हुबेहूब आहे.' मी त्यांना ठाण्यात बोलावलं.

"नकाशे सोमवारी गेले ना?"

"हो, फिर्यादीत लिहिलंय तसं."

"मग शुक्रवारी तुम्ही काम कशाशी ताडून पाहिलं?"

ते खुर्चीतून उठले. मग आवाज चढवून म्हणाले, "मी कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे का?"

"आता माहीत झालं," मी म्हणालो.

तासाभरात त्यांनी सगळं सांगितलं. तज्ज्ञांची तपासणी येणार होती आणि ते आधी नकाशेच मागणार होते. म्हणून चोरीचा बनाव, आणि आळ घालायला मिस्त्री. खरा कठडा जिंतूर रस्त्यावर दुरुस्तीच्या ठेकेदाराच्या फार्महाउसच्या गच्चीला लागला होता. त्याच्या कपाटात नकाशे मिळाले, दोन मात्र त्या दोघांनी जाळून टाकले होते. शंभरेक वर्षं टिकलेलं काम एका काडीत गेलं! दोघांवर दोषारोपपत्र दाखल केलं, तरी माझा राग निवला नाही.

कारण त्यातला निम्मा माझ्यावरच होता. मी मिस्त्रींच्या भट्टीवर गेलो आणि हात जोडले. "माझी चूक झाली, मिस्त्री."

त्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला नाही. "साहेब, मला धरून नेताना आख्ख्या बाजारानं बघितलं. तुमी माफी मागायलाव ते कोन बघायलंय?"

 जळालेल्या दोन नकाशांतली वेल त्यांनी पुढं आठवणीतून काढून दिली, कठडाही जागेवर बसवून दिला. माझ्याशी मात्र ते परत बोलले नाहीत.

ठाण्यात येणाऱ्याचे कपडे बघून मी खुर्ची आणि बाक वाटत होतो. तपास तिथंच चुकला होता. पुढं निवृत्तीपर्यंत प्रत्येक फिर्यादीत पहिला प्रश्न मी फिर्याद देणाऱ्यालाच विचारला. पण त्या दिवशी तो विचारला नव्हता, आणि त्याची भरपाई कुठल्याही दोषारोपपत्रानं होत नाही.