बोल्टवरची पांढरी रेघ

आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये रविवारी सकाळी माणसं दोनच ठिकाणी सापडत: भाजीबाजारात, नाहीतर स्वतःच्या गाडीखाली. बाबा गाडीखाली सापडत. गाडी त्यांनी जुनीच घेतली होती, आमच्याकडे येऊन ती आणखी जुनी झाली. पण तिला मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही, असा त्यांचा पणच होता. कारखान्याच्या टर्बाइन शॉपमध्ये, म्हणजे टर्बाइन बनवणाऱ्या विभागात, उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसानं आनंद नगरच्या गॅरेजसमोर स्टुलावर बसून ऑइल बदलून घ्यायचं, ही कल्पनाच त्यांना लाजिरवाणी वाटे.

गाडीची पुढची चाकं चढवायला त्यांनी दोन उतरते लाकडी ठोकळे केले होते. लाकूड अर्थातच कारखान्यातल्या पॅकिंगच्या खोक्यांचं. आमचे पलंग, देवघर, माझं टेबल, सगळं त्याच लाकडाचं. आमच्या गल्लीत कुणाचाही पलंग उलटा केला असता तर खाली ‘ही बाजू वर’ असा इंग्रजी शिक्का सापडला असता.

इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं चेंबर असतं आणि त्याच्या तळाला एक बोल्ट. तो काढला की जुनं काळं तेल खालच्या घमेल्यात येतं. मग बोल्ट परत घट्ट बसवायचा आणि वरून नवं तेल ओतायचं. एवढंच काम. पण बाबांनी त्याला कारखान्याची शिस्त लावली होती. बोल्ट आवळला की त्याच्यावरून चेंबरवर जाणारी ऑइलपेंटची एक पांढरी रेघ मारायची. मग दुसऱ्या माणसानं पाना लावून तपासायचं. बोल्ट जागचा हलला तर रेघ मोडणार, आणि रेघ मोडली की काम नापास. स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही, हा तिथला नियम. घरात दुसरं माणूस म्हणजे आई.

त्यामुळे आमची आई साडीवर बाबांचा जुना खाकी शर्ट चढवून, पदर खोचून, गोणपाटावर आडवी होऊन गाडीखाली सरकायची. पाना लावायची, जोर करायची आणि आतून ओरडायची, “ओके!” शेजारचे काका फाटकावर टेकून मजा बघत. “भाभीजी, आप भी अप्रेंटिस लग गईं क्या?”

“अप्रेंटिस नहीं भाईसाहब, इन्स्पेक्टर!” गाडीखालून उत्तर जायचं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. सौम्य होता. बोलणं गेलं नाही, चालणंही महिन्याभरात रुळावर आलं, फक्त उजव्या मुठीतला जोर गेला. कारखान्यानं त्यांना शॉपमधून उचलून एका टेबलाशी बसवलं. बाबा कुरकुरले नाहीत, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. डबा घेऊन जायचे, डबा घेऊन यायचे. शॉपमध्ये आज काय झालं, हे जेवताना सांगणं बंद झालं.

ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा मी आईला म्हटलं, “या वेळी मेकॅनिकला बोलवू या ना. बोल्ट सैल राहिला, रस्त्यात तेल गळून गेलं, तर इंजिनच बसेल.”

आई म्हणाली, “इंजिन बसलं तर दुरुस्त करता येईल. हे बसले तर मी काय करू?”

त्या रविवारी बाबा बराच वेळ गाडीखाली होते. बाहेर आले तेव्हा शर्ट भिजला होता, पण चेहऱ्यावर जुना रुबाब होता. “रेघ मारली आहे. घ्या तपासून.” आई आत सरकली. मी टॉर्च धरायला वाकले होते, म्हणून मला दिसलं. पाना फिरला. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा सहज फिरला. आईनं ओठ आवळून दोन्ही हातांनी बोल्ट गच्च आवळला. रेघेचे दोन तुकडे झाले. तिनं माझ्याकडे एकदा डोळे मोठे करून पाहिलं आणि नेहमीसारखी ओरडली, “ओके!”

पुढे दर खेपेला असंच होत गेलं. बाबा आवळायचे, आई पास करायची. बाबा खुश, आई गप्प, आणि मी टॉर्च धरून दोघांच्या मध्ये.

मग एकदा आई इंदूरला तिच्या बहिणीकडे गेली. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आईला आणायला गाडीनं जायचं ठरलं, आणि बाबांनी आदल्या दिवशी ऑइल बदलायला काढलं. “आज इन्स्पेक्टर तू,” ते मला म्हणाले.

मी गोणपाटावर आडवी झाले. पाना लावला. तो फिरला, थांबला, मी आणखी आवळला. पांढऱ्या रेघेचे दोन तुकडे माझ्या नाकासमोर होते. “ओके!” मी ओरडले, पण आवाज आईसारखा काही लागला नाही.

बाहेर आले तर बाबा चिंधीनं बोटं पुसत होते. “मोडली ना रेघ?”

मी पाना गोणपाटावर ठेवला.

“मोडतेच. दर खेपेला बोल्ट काढायला आत गेलो की मागची रेघ मोडलेली सापडते मला.”

“मग आईला बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तिला मला नापास करावं लागलं असतं,” बाबा म्हणाले. “ते तिला जमलं नसतं गं.”

मला रडू आलं, ते मी हात धुवायच्या निमित्तानं नळावर जाऊन आवरलं.

दुसऱ्या दिवशी इंदूरला पोचलो. बाबा आत मावशीची चौकशी करत होते. आई मला हाताला धरून गाडीपाशी घेऊन आली.

“बोल्ट कुणी तपासला?”

“मी.”

“फिरला?”

मी मान डोलावली.

“किती?”

“अर्धा फेरा.”

“नक्की अर्धाच?” तिनं माझा दंड घट्ट धरला. “मागच्या वेळी पाऊण फिरला होता. त्याच्या आधी तर पुरता एक.” आणि तिथेच, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, ती हसायला लागली.