आदी आपेक्षा मांडा

जत्रंच्या मटणाला बसलं, की आमचं चौगुले सर सवताच्या ताटाकडं बघायचंच न्हाईत. दुसऱ्यांच्या वाट्या बघायचं. बायांच्या पंगतीत तांबडा रस्सा किती, पांढरा किती. बाप्यांच्या पंगतीत किती. बायकू करवादायची, "अवो, गिळा की!" तर म्हणायचं, "थांब गं. बाईमाणसाचा आन पांढऱ्या रश्श्याचा संबंध हाय का न्हाय, तेवढं बघतो."

गडहिंग्लजच्या कॉलेजात आकडेशास्त्र शिकवून रिटायर झालतं. आमच्या घराला घर. मी दुसरी शिकलेली, तर मलाबी गोठ्याच्या दारात हुबं ऱ्हाऊन शिकवायचं. "आक्का, आदी आपेक्षा मांडायची, मग रडायचं. काय यायला पायजे हुतं तेच ठावं न्हाय, तर वाईट आलं कशावरनं म्हणायचं?"

रडायची येळ माझ्यावर आली. मालक गेल्यावर घर एका म्हशीवर चालायचं. डेअरीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी साड्या वाटल्या. मी दोन्ही घेतल्या. कोण घेत न्हाय? पर निकालानंतर दूध घालाय जाताना नेमकी पडलेल्या पॅनेलची नेसून गेले. तवापासनं माझं दूध परत. फॅट मोजणारं पोरगं म्हणायचं, "फॅट लागंना, आक्का." म्हस तीच, पेंड तीच. परत आणायचं, आटवायचं, गप बसायचं.

सरांना सांगितलं, तर लेकीचं लगीन ठरल्यागत खुललं. "काय-स्क्वेअर लावू! आपेक्षेपरमाणं किती यायला पायजे हुतं आन खरं किती आलं, त्यो फरक मोजायचा!"

पर कुठला लावायचा, ह्यातच दिवस चाललं. त्येंचं जोडीदार शिंदे सर यायचं. दोघं माझ्या कट्ट्यावर माझाच च्या पिऊन भांडायचं.

"डेअरीतली सगळी रांग एकच धरली, आन एकेकाला गट कुठला, दूध पास का परत, अशा दोन गोष्टी इचारल्या, तर ती संबंधाची परीक्षा," चौगुले सर म्हणायचं.

"आन दोन्ही गटांतनं येगळी माणसं निवडून घेतली, दूध सारखंच परत येतंय का बघितलं, तर ती सारखेपणाची," शिंदे सर म्हणायचं.

मी इचारलं, "गणित येगळं येतंय का?"

"न्हाय, गणित तेच."

"मग भांडताय कशाला?"

"सवाल येगळा हाय, आक्का!" दोघं एकदम म्हणालं. तेवढंच त्येंचं एकमत.

शेवटी चौगुले सर रोज सकाळी रांगंपाशी हुबं ऱ्हाऊन इचारत बसलं. लोक म्हणायचं, सरांना उन्ह लागलंय. मग डेअरीच्या सभेत उठलं. "दूध परत जाण्याचा आन गटाचा संबंध हाय. नुसत्या योगायोगानं एवढा फरक पडणं अवघड."

निवडून आल्यालं चेरमन गरजलं, "म्हंजे आमी चोर?"

"काय-स्क्वेअर तसं सांगत न्हाय. त्यो संबंध सांगतो, कारण न्हाय."

"ऐकलं का मंडळी? सर सवता म्हणत्यात, आमचा दोष न्हाय!"

टाळ्या पडल्या. वर सरांनाच हार घातला.

त्यो हार तसाच गळ्यात घिऊन सर माझ्या दारात आलं. म्हणालं, "आक्का, परीक्षा चुकली न्हाय. पर ह्या सवालाला ती पुरत न्हाय. उद्या कॅन बदला."

चेरमनची भावजय सरूबाई माझी मैतरीण. सकाळी माझं दूध तिनं घातलं, तिचं मी. माझ्या म्हशीचं दूध तिच्या नावावर झकास पास. तिचं माझ्या नावावर परत. ठरवून केल्यालं, तरीबी सरूबाई भडकली. तिथंच पदर खोचून त्या फॅटवाल्या पोरावर वरडली, "माझ्या म्हशीला नापास करतोस व्हय रं मुडद्या? बलीव माझ्या दिराला!"

त्या दिवसापासनं माझं दूध परत आलं न्हाय.

औंदाच्या उन्हाळ्यात सर गेलं. जेवून उठलं, सोप्यात टेकलं आन बसल्या जागी कलंडलं. दारात दोन्ही गटांची माणसं. चेरमननं खांदा दिला. शिंदे सर माझ्याजवळ हुबं हुतं. डोळं पुसत म्हणालं, "रडण्याचा आन गटाचा संबंध दिसत न्हाय, आक्का."

मालक गेल्यावर रडले न्हवते. म्हशीची धार काढायची हुती. आता आपेक्षा मांडायचं सुचलंच न्हाय. तशीच रडले.