दुसरा मनोरा

माझे वडील सेटवरचे सुतार. कर्जतच्या आसपास शूटिंगसाठी महाल, तुरुंग, पोलीस चौक्या उभ्या राहतात आणि शूटिंग संपलं की आडव्या होतात. त्यातल्या कित्येक आमच्या दहिवलीच्या घरातल्या माणसाने ठोकल्या. त्यामुळे बाहेर कुठे मोठी इमारत दिसली, की बाबा आधी ती बोटाने वाजवून बघत.

एकदा कॅथेड्रलचं काम आलं. जुन्या गोव्यातल्या मोठ्या कॅथेड्रलची नक्कल. पांढराशुभ्र दर्शनी भाग, तीन दरवाजे, दोन बाजूंना दोन चौकोनी मनोरे. मागे जाऊन पाहिलं तर बांबू आणि टेकू. आई डबा द्यायला गेली ती चपला काढूनच पुढे सरकली.

"अगं, आत काय नाय. नुसता प्लाय हाय."

"असू दे. मूर्तीबी कोनीतरी घडवतंच ना?"

आईशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या आळीत अजून जन्मायचाय.

त्याच सेटवर बाबांच्या पायात खिळा गेला. साखर होतीच, जखम चिघळत गेली. तेव्हा आईने त्या प्लायच्या दारात नारळ ठेवून नवस बोलला: पाय वाचू दे, मेणाचा पाय वाहीन. वांद्र्याच्या जत्रेत असे मेणाचे हातपाय वाहतात, हे तिने पाहिलं होतं.

पाय वाचला नाही. गुडघ्याखालून काढावा लागला. तोवर सेटही मोडला होता. बाबा घरात बसले ते बसलेच, ओट्यावरसुद्धा येईनात. हा माणूस आता उंबरा ओलांडत नाही, अशी मला भीती बसली आणि त्या भीतीपायी मी सगळ्यांवर खेकसत सुटले.

मग एक दिवस आईने जाहीर केलं, नवस फेडायचाय.

"फळला नाय तो फेडायचा कशाला?"

"बोलले ते बोलले."

"आनि कुठं फेडनार? सेट भंगारात गेला."

"ज्याची नक्कल केली तिथं. चला, दाखवा मला."

बाबा आठवडाभर कुरकुरले आणि शेवटी पनवेलहून गाडीत बसले. खरं तर नक्कल कितपत जमली होती, ते त्यांना बघायचं होतं.

गोव्यात हिरवळीपलीकडे कॅथेड्रल दिसलं आणि बाबा कुबडीवर रेलून थांबले. एका बाजूला मनोरा होता. दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ.

"दुसरा कुठंय?"

दारातल्या रखवालदाराने सांगितलं, तो फार जुन्या काळी कोसळला, पुन्हा कुणी बांधला नाही. मोठी घंटा उरलेल्या मनोऱ्यात आहे. आमच्या दिग्दर्शकाला दोन्ही बाजू सारख्या हव्या होत्या, म्हणून त्याने चित्रातच दोन काढून दिले होते.

आत उंच कमानदार छत, समोर सोनेरी वेदी. बाबांनी एक खांब वाजवून पाहिला. "भरीव हाय," म्हणाले, आणि मधल्या लांबलचक वाटेने कुबडी टेकत एकटेच निघाले. मी हात द्यायला धावले, तर आईने माझी ओढणी धरून मागे ओढलं. ते वेदीपर्यंत पोचले तेव्हा मला रडू आलं.

आईने बाहेरच्या दुकानातून घेतलेला मेणाचा पाय पिशवीतून काढला आणि रखवालदाराने दाखवलेल्या जागी ठेवला.

"पाय तर गेला. हा कोनाचा?" बाबांनी विचारलं.

"ऱ्हायलाय त्याचा."

बाहेर आल्यावर बाबा मान वर करून त्या एकट्या मनोऱ्याकडे आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. मग कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच हसले.

"दुसऱ्याचं काम आमी उगाच केलं," म्हणाले.