एका कोयत्याची दोन कार्डं

अजिनाथला कोणी विचारलं, की बाबा रे, तू नेमकं करतोस काय, तर तो सांगायचा, "सॉफ्टवेअरच्या सोयरिकी जुळवतो." नगरला सावेडीत त्याची कंपनी, आणि कंपनीत माणसं मोजून चार. मोठ्या संस्थांकडे कामागणिक वेगळं सॉफ्टवेअर असतं. वजनकाट्याचं एक, हजेरीचं दुसरं, दवाखान्याचं तिसरं. प्रत्येक वेगळ्या कंपनीचं, प्रत्येकाची बोली वेगळी, आणि शेजाऱ्याशी बोलायचं म्हटलं की नाक मुरडणार. अजिनाथ मध्ये बसायचा आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळेल असं करून द्यायचा. पोरगा कामात तरबेज होता. फक्त आपल्याला सगळंच ठाऊक आहे, असं त्याला जरा जास्त वाटायचं.

आईवडील पाथर्डीकडचे, दर वर्षी ऊसतोडीला जाणारे. लेक कमावता झाला तरी आई काही घरी बसायला तयार नव्हती. "हात धड हायेत तवर जानार. घरी काय भितीकडं बघत बसू?" त्या वर्षी ते ज्या कारखान्याच्या तोडीला गेले, नेमकं त्याच कारखान्याचं काम अजिनाथकडे आलं. तोडणी मजुरांना कार्ड द्यायचं, आणि कार्ड दाखवलं की कारखान्याच्या दवाखान्यात औषधपाणी फुकट, असं वरून ठरलं होतं. मजुरांच्या टोळ्यांची नोंद जुन्या सॉफ्टवेअरात, कार्डं काढणारं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं, अगदी नवंकोरं. या दोघांची गाठ अजिनाथनं घालून द्यायची.

आईच्या पोटात ही बातमी कुठली राहायला! टोळीतल्या एकूण एक बाईला तिनं ती ऐकवली. शेजारच्या कोपीतली, म्हणजे पाचटाच्या झोपडीतली सविता पोटुशी होती आणि तिचे पाय सुजायला लागले होते. तिला तर आईनं शब्दच देऊन टाकला, "तू निर्धास्त ऱ्हा. माज्या लेकाच्या हातचं कार्ड यायलंय. डाक्टर घरचाच समज."

इकडे काम जोरात चाललं होतं. पुण्याच्या कंपनीतल्या सुकन्यानं फोनवर विचारलं, "सर, जुन्या नोंदीत सगळीकडे 'कोयता' असं लिहिलंय. एक कोयता म्हणजे एक मजूर धरायचा ना?"

"हो हो, एकच," अजिनाथ चहाचा घोट घेत म्हणाला.

त्याला तरी दोष कसा द्यायचा? नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडी भरते, आणि दोघं मिळून होतो एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा. जन्मल्यापासून त्यानं आपले आईबाप मिळून 'एक' असंच ऐकलेलं. शहरातल्या पोरीला निदान शंका तरी आली, ह्याला तीही आली नाही. तपासणी केली तेव्हा इकडचे कोयते आणि तिकडची कार्डं तंतोतंत जुळली. अजिनाथनं खुशीत सगळ्या ऑफिसला भेळ खाऊ घातली.

कार्डं वाटायला टोळीचा मुकादम गोरक्ष कोप्यांपुढं उभा राहिला. बाया पदर सावरून, जरा नटूनच आल्या होत्या. एकेक गडी नाव ऐकून पुढं आला, कार्ड घेऊन गेला, आणि गठ्ठा संपला.

"आन् बायांची?" आईनं विचारलं.

"कोयत्याला एकच हाय, आक्का."

सुजलेले पाय सविताचे आणि कार्ड तिच्या नवऱ्याच्या हातात! टोळीतली मनकर्णा आधीच फटकळ. ती म्हणाली, "काय गं, लेकानं आईला बी वळखलं न्हाई व्हय?" संध्याकाळी आईनं अजिनाथला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "आज्या, तुज्या मशिनीत मी न्हाई रं."

रागावली असती तर बरं झालं असतं. अजिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांनी हात वर केले. हंगाम सुरू आहे, आता आमच्या प्रोग्रामला बोट लावायचं नाही! आणि लावून तरी काय होणार होतं? त्यात एका कोयत्याला एकाच नावाची जागा. बायकोचं नाव कुठं नव्हतंच. शेवटी अजिनाथनं जुनं होतं तसं ठेवलं, नव्यालाही हलवलं नाही, आणि दोघांच्या मध्ये एक छोटी सर्व्हिस बसवली. कोयता आत घालायचा, दोन माणसं बाहेर काढायची, एवढंच तिचं काम. सुकन्यानं तिकडून दुसऱ्या कार्डाची सोय केली. नावं मात्र कोणतंच मशीन देणार नव्हतं. मग अजिनाथ मोटारसायकल काढून कोप्यांवर गेला आणि मोबाईल घेऊन कोपीकोपीपुढं बसला.

"नाव काय, मावशी?"

"बाळूची आई."

"बाळूचं नको, तुमचं सांगा."

पदर तोंडाला लावून, एकमेकींना कोपरानं ढोसत बायांनी नावं सांगितली. लंकाबाई निघाली, झुंबरबाई निघाली. आपल्या आईचं नाव विचारायची गरज नव्हती, ते त्यानं स्वतःच भरलं.

नवी कार्डं आली तेव्हा मुकादम म्हणाला, "तुजा घोळ हाय, तूच वाट." पहिलं नाव सविताचं. ती कार्ड घेऊन तशीच मुकादमाच्या जीपमध्ये बसली आणि नवऱ्याबरोबर दवाखान्याकडे निघाली. मग बाकीच्या आल्या. गठ्ठ्यात पुढचं कार्ड बघून अजिनाथ अडखळला. आईचं नाव त्यानं चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं. पुढं बापाचं नाव जोडून त्यानं पुकारलं, "रंगुबाई राम."

कोणी पुढं येईना.

"रंगुबाई!"

आई मागं वळून बायांना म्हणाली, "आगं कोन हाय रंगुबाई? पोरगं कवाचं वरडतंय, जा की म्होरं!"

"आगं बये, तूच की ती!" मनकर्णा खेकसली, आणि हसण्याचा असा गलका उठला की झाडावरचे कावळे उडाले.

आई पुढं आली. पदराला हात पुसून तिनं कार्ड घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि परत लेकाच्या हातात दिलं.

"आनखी यकदा पुकार."

"का गं?"

"पुकार म्हन्ते ना."

"रंगुबाई राम!" अजिनाथ पार उसाच्या फडापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला.

"हाय!" आई म्हणाली. "हजर हाय!"